बर्मिंगहॅमच्या बंदूक-पेठेंत

बर्मिंगहॅम हें नांव आपल्याकडील वाचकांस बहुधा वाफेच्या यंत्रावरून ठाऊक असतें. बोल्टन व वॅट यांचा सोहो येथील प्रसिद्ध कारखाना याच शहराच्या लगत होता. परंतु मुख्य रेल्वेस्टेशनापासून उत्तरेकडे थोडें चालत गेलें असतां जो विभाग लागतो, त्याची ओळख फारच थोड्यांस असते. तो 'गन क्वार्टर'. पुण्यास जशी तांबट आळी, तशी ही बंदूक करणाऱ्यांची पेठ.

आम्ही तेथें गेलों तें केवळ प्रेक्षक म्हणून नव्हे. कोल्हापूरकडील आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या घरीं परवान्याची एक जुनी शिकारी रायफल आहे. त्यांचे आजोबा एका संस्थानच्या शिकारखान्यावर कामास होते, त्यांस ती बक्षीस मिळाली. जॉन फर्कुहरसन यांनीं १८७२ सालीं पेटंट घेतलेल्या रचनेची ही एकनळी बंदूक ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज यांच्या पेढीनें केलेली. खालचा दांडा ओढला कीं नळीमागील पोलादी ठोकळा खालीं सरकतो व काडतूस घालण्यास जागा होते. अशा बंदुका हजाराच्या आंतच झाल्या. या बंदुकीचीं मागच्या नेमाचीं दुमडतीं पानें शाबूत आहेत. नळीच्या तोंडाशीं असणारी माशी मात्र कधींच गळून गेली आहे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचा प्रश्न उरला नाहीं. तरीही घरांत दोन मतें पडलीं. नळीला भोंकें पाडून वर दुर्बीण बसवावी म्हणजे नेमबाजीच्या क्लबांत बंदूक कामास येईल, असें पुतण्यांचें म्हणणें. "आजोबांनीं ठेवली तशी ती नातवंडांच्या हातीं जाऊं द्या, तिला भोंक पाडूं नका," एवढेंच काका म्हणत. शेवटीं माशीचा तपास लागेपर्यंत कानशीस हात लावावयाचा नाहीं असें ठरलें, व तो तपास आमच्यावर आला. बंदूक परदेशीं नेणें हें परवान्यांचें मोठें प्रकरण. म्हणून माशीच्या खांचेचा मेणांत घेतलेला ठसा, मापें व छायाचित्रें एवढेंच आम्हीं बरोबर नेलें.

बंदूक ब्रिस्टलची, मग बर्मिंगहॅम कां, असें वाचक विचारतील. त्याचें कारण येथील श्रमविभागांत आहे. नळी पाडणारा एक, चापाची कळ कानशीनें घासणारा दुसरा, लांकडी दस्ता बसविणारा तिसरा, माशी व पानें करणारा चौथा. अर्धवट बंदुका घेऊन पोरें एका दुकानांतून दुसऱ्यांत धांवत. इंग्लंडांतील गांवोगांवच्या बंदूकवाल्यांस लागणारे भाग येथून जात. या भरभराटीस काळी बाजूही आहे: अठराव्या शतकांत येथल्या बंदुका पश्चिम आफ्रिकेंत गेल्या व तेथें त्यांच्या मोबदल्यांत माणसें विकत घेतलीं गेलीं. १८१३ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झालेलें 'प्रूफ हाऊस' अद्याप बॅनबरी स्ट्रीटवर चालू आहे. तेथें नेहमीहून जबर भाराचा बार उडवून नळीची परीक्षा होते, व टिकली तरच तिच्यावर छाप पडते.

आज मात्र पेठ शोधावी लागते. १९६० नंतरच्या दशकांत शहराभोंवतीचा नवा रस्ता काढतांना तिचा पुष्कळ भाग पाडला गेला. प्राइस स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट या बोळांतून विटांचीं जुनीं कामशाळा-घरें कांहीं उभीं आहेत. अशाच एका जिन्यावरच्या खोलींत एका वयस्क कारागिरानें आमचा मेणाचा ठसा खिडकीपाशीं धरून बराच वेळ न्याहाळला.

त्यानें प्रथम हिशेब सांगितला. माशी व मागची खांच यांत दोन फूट अंतर धरलें, व निशाण शंभर यार्डांवर, म्हणजे ३६०० इंचांवर असलें, तर प्रमाण दीडशेंचें पडतें. माशीच्या उंचींत इंचाचा शंभरावा भाग चुकला कीं गोळी दीड इंच चुकते. माशी उंच झाली तर गोळी खालीं लागते, ठेंगणी झाली तर वर. म्हणून नवी माशी मुद्दाम उंच ठेवावयाची व बार करून पाहत पाहत घासावयाची. घासलेलें परत येत नाहीं!

दुसरी अडचण मण्याची. जुन्या माशांवर पांढरा हस्तिदंती मणी असे. आतां ब्रिटनमध्यें २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ पासून अंमलांत आहे, व आपल्या देशांतही तो व्यापार बंद आहे. "मणी चांदीचा करा," तो म्हणाला, "पण खांचेला हात लावूं नका. माशी खांचेच्या मापाची करावी, खांच माशीच्या मापाची नव्हे. म्हणजे उद्यां कोणास खरी जुनी माशी मिळाली, तर ही काढून ती बसवितां येईल."

खणांतून त्यानें एक ओबडधोबड जुना नमुनाही काढून दाखविला. परंतु आपल्या १९५९ च्या शस्त्र-कायद्यांत 'शस्त्र' या शब्दांत त्याच्या भागांचाही समावेश होतो. तो खिशांत घालून आणणें योग्य नव्हतें. आम्हीं त्याचें मापांसह चित्र तेवढें काढून घेतलें. पुढें परवानेदार कारागिराकडून त्यावरून पोलादी माशी झाली, व तिच्यावरचा बाजरीएवढा चांदीचा मणी घरच्या सोनारानें घडविला. ती उंच आहे. क्लबाच्या मैदानावर थोडथोडी घासावयाची आहे, आणि तें काम काकांनीं आपण होऊन पुतण्यांकडेच सोंपविलें आहे.

जुनी वस्तु सांभाळणें म्हणजे तिला नवी करणें नव्हे, व मोडकी ठेवणेंही नव्हे. आपण घातलेली भर पुढच्यास काढतां यावी, इतका संकोच आपल्या हातांत असावा. आपल्या वाड्यांतून घड्याळें, तंबोरे, देव्हारे असे कितीतरी ठेवे आहेत. त्यांची दुरुस्ती काढतांना हा नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.