मोटारीवरची पाटी

यंदा वैशाखात शाळेच्या विहिरीवरची मोटार जळाली. “सर, वायंडिंग गेलंय बघा,” म्हणत माझाच एक जुना विद्यार्थी ती उघडून बसला. दहावीला गणितात नापास झालेला. “तुझ्या हातून काही व्हायचं नाही,” असे मी त्याला भर वर्गात बोललो होतो. आता तो खाचांतून काळवंडलेली तांब्याची तार उपसत होता आणि मी नुसता बघत होतो.

मोटारीवर ‘किर्लोस्कर’ अशी पाटी. १८८८ साली बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासूनची कथा आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पण रंग नीट ओळखता येईनात म्हणून लक्ष्मणरावांची चित्रकला सुटली, मग यंत्रांची चित्रे शिकवणारे मास्तर झाले, बढती डावलली तेव्हा तीही नोकरी सोडली, हे मी वर्गात कितीदा रंगवून सांगितले असेल! समोरच्या बाकावर मात्र माझे लक्ष नव्हते.

विजेच्या मोटारींची कंपनी त्यांचे चिरंजीव रवी यांनी १९४६ साली बंगळूरला काढली. जोडीला जनित्रे, ट्रान्सफॉर्मर आले. हुबळीतही कारखाना झाला. भाषेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आमच्या गावात दोन्ही बाजूंच्या विहिरींवर तीच पाटी आहे.

“जुने वेढे तुम्हीच मोजा, सर. माझं गणित कच्चं,” तो मान वर न करता म्हणाला.

मी चष्मा पुसून बसलो. चाळिसाच्या पुढे चुकलो.