मधुचंद्र आणि मेळघाट

चाळिशीत लग्न ठरल्यावर मधुचंद्राचा बेत आखताना आम्हां दोघांच्या तीन अटी होत्या : वाघाचे रान, चवीचे जेवण आणि पायांची थोडी परीक्षा. तिन्ही मेळघाटात जुळतात. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ वनांपैकी हे एक. शिवाय चिखलदऱ्याची कॉफी, वऱ्हाडी भाकरी-भरीत आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांकडून घेतलेल्या गाविलगडाची पायपीट. घाटांचा मेळ तो मेळघाट. नवपरिणितांना याहून शुभ नाव कोणते?

नकाशा पाहताना मात्र ‘एकांत’ हा शब्द टोचू लागला. या रानातला सगळाच एकांत निसर्गदत्त नाही. वाघासाठी गाभाक्षेत्रातील काही कोरकू गावे उठवून बाहेर वसवली गेली. जिथे कुणाचे संसार होते, तिथे आम्ही आमच्या संसाराचा आरंभ साजरा करणार. वाघाला मोकळे रान हवे, हेही आम्ही नाकारत नाही. परंतु वर्गात ‘निर्जन’ हे केवळ सौंदर्यवाचक विशेषण म्हणून आपण शिकवतो. त्यामागे ‘उठवणे’ हे क्रियापद असू शकते, हे सांगायचे राहते.

जाणार आहोतच. परतल्यावर प्रवासवर्णन लिहिले, तर हे विशेषण जपून वापरू.