भाद्रपद सोडून उरलेले महिने

ढोल-ताशा पथकात वाजवून पोट भरत नाही. पुण्याबाहेरच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो चकित होतो, कारण त्याने अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर ढोलांच्या रांगाच्या रांगा पाहिलेल्या असतात. मंडळाकडून पथकाला मानधन मिळतं, पण ते ढोलांची पानं, दोऱ्या, टेम्पो, सरावाची जागा यांत जातं. काही उरलंच तर बरीच पथकं ते समाजकार्याला देतात. वादक स्वतःच्या पैशाने कुर्ता शिवतो, कामावरून सुटून नदीपात्रात सरावाला येतो आणि बोटांना फोड आले तर चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा टिपरू हातात घेतो.

मीही तसाच वाजवायला लागलो. आमचं घर कसबा पेठेत, मानाच्या पहिल्या गणपतीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेत असतानाच ताशा गळ्यात आला. तिथे पैशाचा विचार कुणीच करत नव्हतं आणि पथकाची ती श्रीमंती मला आजही फार मोलाची वाटते. पण मला वाजवण्यावरच जगायचं होतं, त्यासाठी दुसरीकडे शिकावं लागणार होतं.

पहिली कमाई ऑर्केस्ट्रात झाली, साइड रिदमची. खंजिरी, घुंगरू, खुळखुळे, डफ असं सगळं पुढ्यात मांडून मागच्या रांगेत बसायचं. ड्रम सेट आणि ढोलकी वाजवणारे अनुभवी, मी सगळ्यात लहान. ज्याला या धंद्यात यायचं आहे त्याने इथूनच यावं असं मी मनापासून सांगतो, कारण साइड रिदमवाल्याला कुठे वाजवायचं नाही ते आधी कळतं. केहरव्याच्या आठ मात्रांत घुंगरू कुठे पडला की गाणं उचललं जातं आणि कुठे पडला की गायिका वळून बघते, हे तिथे बसल्याशिवाय समजत नाही. लावणीचा ठेका मी ढोलकीवाल्या काकांच्या उजव्या हाताकडे बघत शिकलो. ड्रम सेट मात्र रीतसर, इंग्रजी स्वरलेखन वाचायला शिकून.

मग ऑक्टापॅडने सगळं बदलून टाकलं. रोलंडचा एसपीडी-20 हा 1998 साली आला आणि पुढे महाराष्ट्रातल्या वाद्यवृंदांत घरोघरचा झाला. ढोलकी, तबला, डफ, काँगो, सगळे आवाज एका माणसाच्या आठ पॅडवर. आयोजकांचं गणित सरळ होतं: तीन मानधनांच्या जागी एक. मी ऑक्टापॅड शिकलो, आजही वाजवतो, माझं घर बराच काळ त्याच्यावर चाललं. तरी ढोलकीच्या पुडीवर हात घासून निघणारा घुमारा पॅडमधून येत नाही, हेही मला ठामपणे म्हणायचंय. म्हणून ढोलकी कधी सोडली नाही, आणि आज ज्या कार्यक्रमांना खरी ढोलकी हवी असते ते मला बोलावतात.

खरी परीक्षा पंचांगाची असते. श्रावणापासून वेग येतो, गणेशोत्सवात एका दिवसात दोन-दोन कार्यक्रम होतात, आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपली की लगेच पितृपक्ष लागतो. शहरातल्या सगळ्यात दणदणीत दिवसाला चिकटून सगळ्यात शांत पंधरवडा. शुभकार्य नाही, उद्घाटन नाही, तारीख नाही. मग नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, थर्टी फर्स्ट, गुढीपाडवा. जून-जुलै पुन्हा कोरडे. हे चक्र अंगवळणी पडेपर्यंत मी भाद्रपदातल्या पैशाला कमाई समजत होतो. वर्षाचं भांडवल म्हणून तो बाजूला ठेवायचा हे मला आईने शिकवलं. तिने आयुष्यभर महिन्याच्या पगारात घर चालवलं होतं, आणि तिने माझ्या वर्षाचेही बारा समान भाग पाडून दिले.

आमच्या पेठेतच तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी हंडे, घंगाळी, बंब घडवले. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम आल्यावर गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यातल्या काहींनी तेच मठारकाम दिव्यांवर, शोभेच्या भांड्यांवर उतरवलं. हातोडी तीच, ठोका तोच, माल वेगळा. माझं कामही मला तसंच करावं लागलं. नाटकाच्या संगीताला बसलो, तिथे नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन मिळतं. बालनाट्याला वाजवलं, जाहिरातीच्या जिंगलला वाजवलं, नृत्याच्या वर्गात तासन्‌तास नुसता ठेका धरला. यातलं कुठलंच काम मला कमी दर्जाचं वाटलं नाही.

उस्ताद अहमदजान थिरकवाँ यांच्याबद्दल वाचलं तेव्हा तर धीरच आला. तबल्यातलं एवढं मोठं नाव, 1970 मध्ये पद्मभूषण मिळालेलं. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत साथ करण्यात गेला. पुढे रामपूर दरबार, आणि त्यानंतर लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवणं. नाटक कंपनी, राजाश्रय, अध्यापन. एकल वादनाच्या त्या शिखराखाली नेमाने येणाऱ्या पैशाचा असा पाया होता. आपल्याकडे कलावंतांच्या चरित्रात ही बाजू फार कमी सांगितली जाते, आणि नवी मुलं फक्त शिखर बघून घराबाहेर पडतात.

माझा पाया शिकवण्याने घातला गेला. एक छोटी खोली भाड्याने घेतली, भिंतींना गाद्या लावल्या, शेजाऱ्यांशी वेळा ठरवून घेतल्या. सकाळी रबरी पॅडवर हात, संध्याकाळी विद्यार्थी. कुणाला ट्रिनिटी या संस्थेच्या ड्रमच्या परीक्षा द्यायच्या असतात, कुणाला पथकात नीट ताशा वाजवायचा असतो. 2020च्या मार्चमध्ये सगळं थांबलं, त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी विसर्जनाची मिरवणूक निघाली नाही. नाट्यगृहं 22 ऑक्टोबर 2021ला निम्म्या खुर्च्यांवर उघडली. त्या काळात माझं घर शिकवणीने चालवलं. व्हिडिओ कॉलवर आवाज मागेपुढे होतो, त्यामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही. मी चार मात्रा वाजवायच्या, थांबायचं, विद्यार्थ्याने वाजवायच्या. त्यातून मुलांचे कान इतके तयार झाले की ती पद्धत मी अजूनही ठेवली आहे.

कानांबद्दल मी प्रत्येक पालकाशी बोलतो. 85 डेसिबलला आठ तास, ही सुरक्षिततेची एक सर्वमान्य मर्यादा. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. ताशाच्या रांगेत उभं राहिलं की ही मिनिटं पहिल्याच चौकात संपतात. म्हणून माझ्या वर्गात इअरप्लगशिवाय कुणी ड्रमवर बसत नाही, आणि मी स्वतः दरवर्षी ऑडिओमेट्री करून घेतो. हात दुखला तर विश्रांतीने बरा होतो, गेलेलं ऐकणं परत येत नाही.

पैशाचा व्यवहारही शिकवतो. एका आयोजकाने माझं एका अख्ख्या मोसमाचं मानधन बुडवलं, तेव्हापासून निम्मी रक्कम आधी आणि तारीख, वेळ, प्रवास, जेवण सगळं लिहून. टीडीएस कापला तर त्याचं प्रमाणपत्र मागायचं, विवरणपत्र दरवर्षी भरायचं. घरासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेतल्या बाईंनी आधी तीच विवरणपत्रं मागितली, आणि ती होती म्हणून कर्ज मिळालं.

सध्या माझ्याकडे पथकातली एक मुलगी येते. ताशा सुरेख वाजवते, बी.कॉम. झालंय, आणि तिला पूर्ण वेळ हेच करायचंय. “सर, मी सुरुवात कशाने करू?” असं तिने विचारलं, तेव्हा तिला साइड रिदमला बसवलं आणि एका वाद्यवृंदाच्या संचालकांशी ओळख करून दिली. गणपतीत तिने त्यांच्याकडे पाच कार्यक्रम केले, पाकिटं माझ्यासमोर उघडून वहीत आकडे मांडले. आता पितृपक्ष आहे. तारखा तिलाही नाहीत, मलाही नाहीत. रोज सकाळी नऊला ती येते आणि आम्ही दिवाळी पहाटच्या गाण्यांचे ठेके ऐकून एकेक मात्रा कागदावर उतरवतो. आतापर्यंत बारा गाणी झाली, अजून तितकीच बाकी आहेत.