खाट उचलणारे चौघे

क्षिप्रातीरी उज्जैन नगरीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हांस बोलावून घेतले. थोरल्या मुलाच्या पायांस वर्षभर मुंग्या येत होत्या. घरच्यांनी वात समजून तेल चोळले. आता भिंत धरल्यावाचून त्यास चालवत नव्हते. अखेर इंदूरला एमआरआय झाला आणि मज्जारज्जूत रक्तवाहिन्यांची गाठ निघाली. आई म्हणाली, "फादर, पाठीस सुरी लागली की पोरगा जन्माचा अंथरुणास खिळेल."

खरे सांगावयाचे तर आम्हीही मनातून भ्यालो. म्हणून त्यांच्यासमवेत डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ही गाठ, हिमँजिओब्लास्टोमा, दुर्मिळ खरी. परंतु तो कर्करोग नव्हे. ती रक्ताने भरलेली असल्याने तिचे तुकडे करीत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या प्रथम बंद करतात, रक्त नेणारी नीला शेवटी, आणि मग गाठ अखंड काढतात. धोका आहेच, पण पायांत बळ असताना केलेली शस्त्रक्रिया अधिक फळते, गेलेले बळ सगळेच परत येते असे नाही. कधी हा आजार आनुवंशिक असतो, म्हणून भावंडांचीही तपासणी करावी.

मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ लंडनमध्ये 1887 साली व्हिक्टर हॉर्स्ली यांनी यशस्वीपणे काढली, आणि तो रोगी पुन्हा चालला. आपल्या देशात 1949 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. म्हणजे ही विद्या आपणांस नवखी नाही.

आम्ही आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचे नाव काढताच आई रडू लागली. तिला वाटले, आता शेवट आला. वाचकहो, हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली स्पष्ट केले आहे. आपण डॉक्टरांस उशिरा बोलावतो, आणि फादरांस त्याहून उशिरा! दोहोंमागे भीती एकच.

अभ्यंग झाला, शस्त्रक्रिया झाली. प्रथम पाय अधिकच जड झाले. मग हळूहळू बळ आले. पुढे सणास गावी आला तेव्हा तो काठी टेकीत मिस्सेला उभा होता. डाव्या तळव्यास बधिरता उरली आहे. वर्षभराच्या विलंबाचीच ती खूण असावी.

शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्यास चौघांनी खाटेसह उचलून, छप्पर उघडून प्रभूपुढे ठेवले. त्यांनी प्रार्थनाही केली असेल. परंतु खाट उचलण्यास ते थांबले नाहीत. आपल्या घरी कोणाचे पाय बधिर होत असतील, तर जपमाळ अवश्य करावी, आणि खाटही वेळीच उचलावी.