फुसका बार

तोड्याच्या बंदुकीवरचा मागचा भाग वाचून एका वाचकाने विचारले होते : दारू होती, विस्तव होता, तरी ऐन वेळी बार का निघत नसे? याचे उत्तर देण्याआधी मला लहानपणीचा एक अपराध कबूल करावा लागेल.

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी आजोबांच्या नावे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक होती. भात लोंबीला आले की रानडुकरे उतरत आणि आजोबा माळ्यावर रात्री जागवत. बंदुकीचे काम धाक घालण्याचे. दारूवर काथ्याचा बोळा ठासून बार आभाळाकडे काढायचा, एवढेच. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होई. एका वर्षी ती परत आली, तेव्हा नळीवर तांबूस गंज चढला होता. मी अकरा वर्षांचा होतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून आजोबांनी ती पुसायला माझ्याकडे दिली आणि ते गोठ्याकडे गेले. मी शिवणयंत्राचे तेल घेऊन घोडा, चाप, नळी सारे मनसोक्त माखले, नळीच्या तोंडातही सोडले आणि बंदूक भिंतीला उभी टेकवून ठेवली.

त्याच आठवड्यात कळप आला. आजोबांनी दारू घातली, बोळा गजाने ठासला, केप बसवली आणि चाप ओढला. ‘टप्’ असा बारीक आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. मी बॅटरी घेऊन नळीत डोकावायला पुढे सरसावलो, तर त्यांनी कोपराने मला मागे लोटले. नळी आभाळाकडे धरून ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. खाली डुकरांचे कचकच चावणे ऐकू येत होते. मग दुसरी केप. या वेळी ‘फुस्स’ झाले, थोडा जाळ दिसला आणि अर्धवट जळलेला बोळा माळ्याखालीच पडला. पहाटेपर्यंत एक अख्खा कुणगा आडवा झाला होता. दुसऱ्या दिवशी आजोबांनी बंदूक खुंटीवर उलटी, नळीचे तोंड खाली करून टांगली. मला वाटले, त्यांनी तिच्यावर राग काढला.

ठासणीच्या बंदुकीत विस्तव जन्मतो एकीकडे आणि दारू असते दुसरीकडे. तोड्याच्या बंदुकीत पेटता तोडा नळीबाहेरच्या पात्रातल्या रंजकेवर टेकतो. (ही रंजक म्हणजे पेट घेण्यासाठी टाकलेली बारीक दारू, मनोरंजनाशी तिचा संबंध नाही.) तिचा जाळ कानातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, आतल्या दारूपर्यंत जायचा असतो. कान काजळीने बुजला असेल तर रंजक भुर्रकन उडते आणि बार आत तसाच राहतो. चकमकीच्या बंदुकीने तोडा घालवला, पण पात्र आणि कान तसेच ठेवले. शिवाय गारगोटीची धार बोथट होण्याची नवी काळजी लावली.

यावरचा तोडगा एका शिकाऱ्याच्या वैतागातून निघाला. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्व्हीचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांची तक्रार अशी, की पात्रातला भपका पाहून पक्षी छर्रा पोहोचण्याआधीच निसटतात. आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा उपयोग करून त्यांनी १८०७ मध्ये पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची छोटी टोपी आली. तिलाच आपण केप म्हणतो. १८३४ मध्ये वुलिच येथे ब्रिटिश सैन्याने दोन्ही प्रकारांची सहा-सहा हजार बार काढून परीक्षा घेतली. चकमकीची बंदूक ९२२ वेळा फसली, टोपीची ३६ वेळा.

या आकड्यांचा अर्थ मे १८४१ मध्ये चीनमध्ये कळला. कँटनजवळच्या सान्युआनली परिसरात ३७ व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक कंपनी वादळी पावसात मुख्य फौजेपासून तुटली. हातात चकमकीच्या बंदुका, त्या भिजलेल्या, आणि भोवती भालेकरी गावकऱ्यांचा जमाव. त्यांना सोडवायला टोपीच्या बंदुका असलेले मरीन पाठवावे लागले. साम्राज्याच्या लढाईत परक्या मुलखात उभ्या केलेल्या त्या मद्रासी शिपायांच्या हाती जुने हत्यार का होते, हा प्रश्न मला त्या विजयाच्या वर्णनांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

मग आजोबांची बंदूक तर टोपीचीच होती. ती का फसली? कारण टोपीनेही विस्तवाची वाट संपवली नाही, फक्त झाकली. टोपी ज्या पोकळ निपलवर बसते, त्यातल्या सुईएवढ्या छिद्रातूनच ठिणगी आत जाते. त्या वाटेचे शत्रू पुष्कळ. काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळीच्या रूपाने घनच उरतो, आणि नळीतली काजळी हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून ‘पावसाने दारू भिजली’ एवढ्यावर आपण इतिहासात थांबतो, ते मला अपुरे वाटते. कोरड्या दिवशीही न धुतलेली नळी स्वतःच ओल धरते. ती गरम पाण्याने धुवावी लागते, पूर्ण वाळवावी लागते. आणि मग तेल, पण बोटभर चिंधीवर मावेल एवढेच. जास्तीचे तेल उभ्या ठेवलेल्या नळीतून ओघळून थेट बुडाशी साचते, निपल बुजवते आणि वर पडणारी दारू भिजवते. जुने जाणते लोक बंदूक भरण्याआधी रिकाम्या नळीचे तोंड गवताच्या पात्याकडे धरून नुसती केप उडवीत. पाते हलले तर वाट मोकळी.

आजोबा त्या रात्री नळी वर धरून का थांबले, तेही तेव्हाच उमगले. आत धुमसणारी दारू उशिरा पेटू शकते, आणि अशा वेळी नळीत डोकावणारा पोरगा मी होतो.

नळीचे तोंड खाली करून टांगण्याची रीत मी पुढे कॉलेजात असताना एका इंग्रजी पुस्तकात वाचली. आजोबा तेव्हा हयात नव्हते. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारले नव्हते. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली मात्र त्या सकाळपासून फडताळाच्या सर्वांत वरच्या खणात गेली होती, जिथे माझा हात पोहोचत नसे.