सखूने पेटी सोडली

१ मार्च
सखू पाणी प्यायला बाहेर आली आणि तिचा नर बंड्या अजून आत शिरला नव्हता. तेवढ्या सवडीत अंडी बघून घेतली. खोलीतला दिवा मालवला आणि पेनासारखा बारीक टॉर्च अंड्याच्या जाड टोकाला लावला. पहिल्या तिन्हीत लाल शिरांचं जाळं आणि मधोमध काळसर ठिपका. चौथ्यात काहीच नाही, नुसता पिवळसर उजेड. पाचवं आलंय २६ फेब्रुवारीला, त्याचं आज काही सांगता येणार नाही.

कॉकाटेलची मादी दिवसाआड अंडं देते. सखूचं पहिलं १८ तारखेचं. पण ते आणि दुसरं तिने तसंच पडू दिलं. २२ला तिसरं आलं तेव्हा ठाण मांडलं. भाचा म्हणाला, पहिली दोन थंड पडून वाया गेली असतील. तसं नसतं. ऊब लागेपर्यंत आतलं बीज निजून असतं, गार जागेत आठवडाभरसुद्धा थांबतं. एकदा ऊब सुरू झाली की मात्र खाडा चालत नाही. म्हणून दिवस मोजायचे ते २२पासून. पिल्लू अठरा ते एकवीस दिवसांत येतं. अंड्यांवर मऊ पेन्सिलीने आकडे घातले आणि टॉर्च ठेवून दिला. रोज रोज बघायचं नाही.

२ मार्च
दोघांच्या पाळ्या अगदी ठरलेल्या. सकाळी आठच्या सुमाराला बंड्या आत जातो, सखू बाहेर येते, आधी एक भलीमोठी शीट टाकते (रात्रभर धरून ठेवलेली असते) आणि मग खाण्यावर तुटून पडते. संध्याकाळी उलट. दिवस बापाचा, रात्र आईची. या पाखरांचं मूळ गाव ऑस्ट्रेलियाचा कोरडा, रखरखीत मुलूख. पाऊस झाला, दाणा पिकला की झाडाच्या ढोलीत अंडी घालायची. आमची ढोली म्हणजे कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरची प्लायवूडची पेटी आणि तळाला रंध्याचा भुसा.

४ मार्च
सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं तर सखू वरच्या दांडीवर. पेटीत हात घातला. अंडी गार. पहाटे इथे सोळा-सतरा अंश असतं, दुपारी पस्तीसच्या पुढे.

भाच्याचा पहिला प्रश्न, "अंड्यांचं काय करायचं?" मी आधी सखूकडे बघत होते. अंडी सोडणारी मादी आजारी नाही ना, हे सगळ्यांत पहिलं. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली असती, शेपटी वरखाली हलत असती, कुंथत असती, तर पोटात आणखी एक अंडं अडकल्याची शंका घ्यायला हवी होती. मग अंडी राहू देत बाजूला, तिला उबेत ठेवून सरळ डॉक्टरांकडे. तसं काही नव्हतं. राळे खात होती, समुद्रफेसावर चोच घासत होती. फक्त सारखी पंखाखाली खाजवत होती.

आई चिपळूणहून येऊन राहिली आहे. खुर्चीतून म्हणाली, "अगं, ती सोडते ते उगाच नाही." आईचं सगळं ज्ञान खुडूक कोंबड्यांचं. टोपलीत पेंढा, त्यावर अंडी, एकविसाव्या दिवशी पिल्लं. कोंबडी मधेच उठली तर अंडी रात्री काळोखात दुसऱ्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवायची. दिवसा सरकवली तर ती ओळखते, असं आईचं म्हणणं.

मनातल्या मनात कारणं चाळली. पहिलटकरीण मादी कंटाळते, पण सखूची ही दुसरी खेप. मांजर, उंदीर, पाल? खिडक्यांना जाळ्या आहेत. कॉकाटेल रात्री कशाने तरी दचकतात आणि अंधारात वेड्यासारखी फडफडतात, पण रात्री काही आवाज आला नव्हता. अंडी रिकामी असली किंवा आतला जीव मेला असला की मादी कधी कधी आपणहून उठते. तीन तर तीन दिवसांपूर्वी जिवंत होती. आणि मुख्य म्हणजे बंड्या. तो आठ वाजता नेहमीसारखा आत गेला आणि दिवसभर बसला. अंड्यांतच खोट असती तर त्यानेही सोडली असती.

रात्री साडेनऊ. अंधारात बसून ऐकत होते. सखू सातला आत गेली. थोडा वेळ शांत, मग पाय आपटल्याचा आवाज, भुसा उकरल्याचा, पंख झटकल्याचा. शेवटी बाहेर. पुन्हा गेलीच नाही.

हडपसरच्या काकांना फोन केला. त्यांच्याकडे कॉकाटेलच्या बऱ्याच जोड्या आहेत, ही जोडीही त्यांच्याकडचीच. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, नर बसतो आणि मादी बसत नाही, असं नाही ते. दिवसा बसवतं, रात्री बसवत नाही, असं बघा. दांडीखाली पांढरं फडकं घाला, पेटीच्या सांध्यात कागदाची घडी खोचा. सकाळी सांगा." अंडी दिव्याखाली ठेवू का, विचारलं. म्हणाले, "बिलकुल नको. गारठ्याने मरतं त्याच्या आधी उष्णतेने मरतं."

५ मार्च
फडक्यावर विटकरी ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे, आणि चालणारे. एक नखाने दाबला तर रक्ताचा डाग. कागदाच्या घडीत तर रांगच्या रांग.

हे तांबडे माइट. दिवसा लाकडाच्या फटीत दडून राहतात, रात्री बाहेर पडून पाखराचं रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत. म्हणून बंड्याला दिवसभर काही कळलं नाही आणि पेटी मला दिवसा स्वच्छ दिसत राहिली. उकाड्यात यांची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते.

आले कुठून तेही दिसलं. शेजारच्या एसीच्या बाहेरच्या डब्यामागे पारव्यांचं घरटं आहे, आमच्या खिडकीच्या चौकटीपासून हातभरावर. पेटी आतून त्याच भिंतीला टांगलेली. पुण्यात एसीमागे पारवे नाहीत असं घर दाखवा.

दोघांना डॉक्टरांकडे नेलं. सखू ८१ ग्रॅम भरली, एरवी नव्वदीत असते. तोंडाचा आतला भाग फिकट पडलेला, म्हणजे रक्त कमी. मानेमागच्या कातडीवर औषधाचा एकेक थेंब, पुन्हा यायची तारीख. हा थेंब वजनावर मोजून द्यायचा असतो, दुकानातून बाटली आणून घरी टाकायचा नव्हे. झुरळांचा स्प्रे पिंजऱ्याच्या आसपासही नको, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पाखरांच्या श्वासाला तो सोसत नाही.

नवजात पिल्लू चार-पाच ग्रॅमचं असतं. त्याच्यात रक्त ते किती? सखू नेटाने बसली असती आणि पिल्लं त्या पेटीत आली असती, तर या किड्यांनी ती दोन-तीन रात्रींत संपवली असती. हे आईला सांगितलं. "मग मी काय म्हटलं?" एवढंच बोलून तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

पेटी पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात. पिंजरा गच्चीवर नेऊन सांध्यासांध्यात उकळतं पाणी. दांड्या नव्या. पिंजरा पुन्हा जागेवर ठेवण्याआधी खिडकीच्या चौकटीची फट टेपने बंद केली. अंडी कोरड्या मऊ फडक्याने पुसली. धुवायची नाहीत, कवचाला छिद्रं असतात, पाण्याबरोबर घाण आत जाते. नवी पेटी त्याच खिळ्याला, भोकाचं तोंड त्याच दिशेला. बंड्या तासाभरात आत जाऊन बसला. सखूने भोकातून डोकावून पाहिलं आणि मागे फिरली.

६ मार्च
रात्री ती आत गेली नाही. औषधाने किडे गेले असतील, पण हे तिला कोणी सांगायचं?

भाच्याने थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवून यंत्र केलंय. पोरगं हुशार आहे. पण अंड्याला साडेसदतीस अंश लागतं, आणि याचा काटा छत्तीस ते चाळीस हिंदकळतोय. चाळीसला आतला जीव शिजतो. शिवाय हवेत ओल राखायची, दिवसातून अनेकदा अंडी फिरवायची, शेवटचे दोन-तीन दिवस फिरवणं थांबवायचं. समजा हे सगळं जमलं. मग डोळे मिटलेलं ते चार ग्रॅमचं पिल्लू हातावर येणार, आणि पहिल्या दिवसापासून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याला कोमट पातळ भरवायचं. जरा गार भरवलं तर अन्न गळ्याखालच्या पोटळीत अडून आंबतं, जरा गरम भरवलं तर पोटळी भाजते. ज्यांचा हात बसलाय ते करतात. मी करणार नाही. भाचा रुसला.

काकांकडे एक जोडी याच सुमाराला बसली आहे, आमच्यापेक्षा दोन दिवस मागे. चार अंडी, त्यांतली दोन रिकामी. ती काढून तिथे आमची घालायची. आईची काळोखातली युक्तीच, फक्त कोंबडीऐवजी कॉकाटेल.

निघण्याआधी टॉर्च लावला. एक नंबरच्या शिरा विरून नुसतं लाल कडं उरलं होतं, म्हणजे गेलं. दोन आणि तीनमध्ये शिरा ताज्या, दोनमध्ये तर सावली हललेली स्पष्ट दिसली. पाचव्यातही आता जाळं धरलंय. तीन रात्रींच्या गारठ्यातून तीन टिकली. बंड्याच्या दिवसपाळीचा त्यात मोठा वाटा.

डब्यात कोमट केलेली बाजरी, तिच्यात अंडी आडवी रोवून डबा मांडीवर. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली तशी थांबलीच. हडपसरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. काकांनी ती मादी खायला बाहेर येईपर्यंत वाट पाहिली आणि अदलाबदल केली. ती परत आली, चोचीने अंडी एकेक सरकवली, पोटाखाली ओढली. आकड्यांकडे तिने बघितलं नाही.

घरून निघताना काकांसाठी औषधाचं नाव लिहून घेतलं होतं. आमच्या अंड्यांबरोबर तिकडे एखादा किडा जायला नको, म्हणून त्यांनी त्या पेटीचा भुसाही बदलला.

८ मार्च
इकडे बंड्या शीळ घालत सखूभोवती गोंडा घोळायला लागलाय. अंडी गेली की मादी पंधरवड्यात पुन्हा घालायला घेते, आणि या अंगात तिला ते झेपायचं नाही. कवचाचा चुना हाडांतून निघतो. म्हणून रिकामी पेटी आजच काढली. पिंजरा दिवाणखान्यात हलवला, संध्याकाळी सहालाच वर जाड फडकं. दिवस लहान झाला की अंगातला विणीचा जोर उतरतो.

अंडी सगळी रिकामी असती आणि ती बसलेली असती, तर याच्या उलट केलं असतं. तेव्हा अंडी काढायची घाई करायची नाही, वीस-बावीस दिवस बसू द्यायचं. कंटाळून तीच उठते. लोक दुसऱ्याच दिवशी उचलून फेकतात आणि मग म्हणतात, मादी सारखी अंडी देते.

खायला मोड आलेले मूग आणि कवचासकट कुस्करलेलं उकडलेलं अंडं, पण वजन भरेपर्यंतच. मऊ खाणं जास्त झालं की पुन्हा विणीची हुक्की येते. अंडी सोडून आलेलीला अंडंच भरवायचं, हे आईला काही पटत नाही.

११ मार्च
सखू ८५ ग्रॅम. फडक्यावर काही नाही.

१५ मार्च
काकांचा फोन. दोन नंबर फुटलं. गारठ्यामुळे थोडं उशिरा, पण पिल्लू ठणठणीत, अंगावर पिवळी लव, आणि त्या मादीने संध्याकाळपर्यंत पोटळी भरलीसुद्धा.

१७ मार्च
तीन नंबरला बारीक तडा गेला होता, आतून चिवचिवही ऐकू येत होती. मग थांबली. काकांनी कवच सोलून मदत केली नाही आणि मी त्यांना तसं विचारलंही नाही. आतल्या पडद्याच्या शिरांतलं रक्त ओढून घेण्याआधी सोललं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं.

१९ मार्च
पाचवं आलं. सगळ्यांत शेवटचं, सगळ्यांत लहान. त्या पेटीत आता त्यांची दोन आणि आमची दोन. धाकट्याला खाण्यात मागे रेटतील, म्हणून काका रोज त्याची पोटळी तपासणार आहेत. आपलं आपण खायला लागेपर्यंत आठ-दहा आठवडे ती तिथेच. त्यानंतर एक त्यांनी ठेवावं, असं ठरलं. भाच्याला दुसरं हवंय. यंत्र माळ्यावर गेलं.

२३ मार्च
डॉक्टरांनी दुसरा थेंब दिला. सखू ९० ग्रॅम, तोंड गुलाबी. पुढचे सहा महिने पेटी लावायची नाही, आणि लावाल तेव्हा त्या भिंतीला नको, असं बजावलं.

आता पारवे. जाळीवाला बघायला आला होता. एसीच्या डब्यामागे वाकून म्हणाला, "मॅडम, आत दोन पिल्लं आहेत. उचलून टाकू?" तीही त्याच किड्यांत वाढतायत, आणि त्यांची आई मात्र रात्रभर तिथून हललेली नाही. अंगावर जेमतेम पिसांचे कोंब फुटलेत, उडायला आणखी तीनेक आठवडे लागतील. त्याला २५ एप्रिलची तारीख दिली. आधी घरटं काढून जागा घासायची, मग जाळी. आगाऊ पाचशे मागितले, दिले. खिडकी तोवर बंद. उकाडा होणार म्हणून घरात सगळे माझ्यावर चिडलेत.