पाणी जाते कुठे? जुन्या डिझेल गाडीच्या रेडिएटरची गोष्ट

देगलूरला रेल्वे नाही. नांदेडहून येणारा रस्ता नरसी, शंकरनगर करीत देगलूरला पोहोचतो आणि तिथून थोड्याच अंतरावर तेलंगणाची हद्द लागते. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. मग राज्य तीन भाषांत वाटले गेले, पण सोयरिकी वाटल्या गेल्या नाहीत. आमच्याकडच्या कुठल्याही घरात डोकावून पाहा, एक बहीण निजामाबादला दिलेली असते, मामा बीदरला असतात, आणि मोठा आजार निघाला की पाय आपोआप हैदराबादकडे वळतात. लग्न असो, मय्यत असो की दवाखाना, देगलूरच्या माणसाला रस्त्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या अम्मीला चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. अल्लाहच्या कृपेने बोलणे परत आले, पण उजवी बाजू कमजोर राहिली. तासाभरापेक्षा जास्त वेळ त्यांना बसवत नाही. दर तीन महिन्यांनी हैदराबादच्या डॉक्टरांना दाखवायचे, म्हणजे जायचे सुमारे २०० किलोमीटर आणि यायचे तेवढेच. एसटीत झोपता येत नाही आणि भाड्याची रुग्णवाहिका दर वेळी परवडत नाही. म्हणून आम्ही तिघा भावंडांनी पैसे गोळा करून एक जुनी डिझेल ट्रॅव्हलर घेतली. मागची आसने काढून, आरटीओत रीतसर नोंद करून, तिथे अम्मीसाठी पलंग बसवला. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्यात डब्यांचे कपाट, आणि भाभीच्या आग्रहाने एक पडदा. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा फिरत्या घरांची चित्रे वर्तमानपत्रांत आली होती. आमचे फिरते घर हौसेचे नव्हे, गरजेचे आहे.

या जातीच्या जुन्या गाड्यांत मर्सिडीझच्या ओएम ६१६ घराण्यातले चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. ते दणकट असते, पण त्याला एक गोष्ट अजिबात सहन होत नाही, ती म्हणजे ताप. गाडी घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले. मजा अशी की गाडीखाली थेंब दिसेना. अम्मी पलंगावरून विचारायच्या, "पानी पीरी क्या ये गाडी?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पिटलमच्या पुढे भर दुपारी गाडी बंद पडली, तर ४३ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात आजारी बाई किती वेळ टिकेल?

पाणी जाते कुठे, हे शोधण्याची पहिली पायरी भाभीने घातली. रोज सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी बघायची आणि दूधवाल्याच्या हिशेबासारखी वहीत लिहायची. सोबत काल गाडी कुठे गेली, तेही. तीन आठवड्यांत वही बोलू लागली. गावातल्या गावात फिरल्यावर पातळी जवळजवळ तशीच राही. उदगीर किंवा नांदेडला जाऊन आले की अर्धा लिटर कमी. म्हणजे गळती थंडपणी नव्हती, इंजिन तापून आत दाब वाढला की होत होती. गरम लोखंडावर पडलेले पाणी जमिनीवर येण्याआधीच वाळून जाते. म्हणून खाली डबके नाही, याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. उलट एसी लावलेल्या गाडीखाली डबके दिसले, तर ते बहुतेक वेळा एसीचे साधे, बिनरंगी पाणी असते. शंका असेल तर रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग कुठे पडला आणि कोणत्या रंगाचा आहे, त्यावरून अर्धे उत्तर मिळते.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल मिळाला, "हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही, कारण अम्मीची हैदराबादची तारीख बारा दिवसांवर होती. पण हेड गॅस्केट गेले असेल तर त्याच्या खुणा असतात. तेलाची पट्टी काढली तर तेल दुधाळ चहासारखे दिसते. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. थंड इंजिनाचे टोपण काढून गाडी चालू केली तर रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येतात. गाडी चालू करताच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो. आमच्या गाडीत यातले एकही लक्षण नव्हते. आम्ही नम्रपणे सांगितले, आधी पुरावा दाखवा, मग इंजिन खोला. पुरावा मिळाला नाही, म्हणून गाडी घेऊन निघालो.

नांदेडला एक जुने रेडिएटर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी वही मागून घेतली, वाचली आणि म्हणाले, "पानी चोर नहीं रहता बेटा, निशान छोडके जाता." मग रेडिएटरच्या तोंडाला एक छोटा हातपंप बसवला आणि टोपणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरली. इंजिन थंडच, त्यामुळे भाजण्याची भीती नाही आणि पाणी वाळूनही जात नाही. घड्याळाचा काटा हळूहळू खाली सरकू लागला. चाचांनी बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन शोध घेतला. रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या सांध्यावर, पंख्याच्या बाजूला, हिरवट पांढरी पापडी धरली होती. पंख्याच्या वाऱ्याने तिथले पाणी लगेच वाळत होते. दुसरी खूण पाण्याच्या पंपाखाली होती. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की तिथून पाणी पाझरते. ते भोक बुजवायचे नसते, पंप दुरुस्त करायचा किंवा बदलायचा असतो.

तिसरा दोष टोपणाचा होता. टोपण म्हणजे नुसते झाकण नव्हे, हे आम्हाला तिथे नीट समजले. मोकळे पाणी १०० अंशांना उकळते. टोपणाच्या स्प्रिंगने आत सुमारे ०.९ बारचा दाब धरून ठेवला, तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते. इंजिनाला मिळणारी सवलत तेवढीच. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर कडक पडले, की पाणी लवकर उकळते आणि बाहेरच्या नळीतून निघून जाते. टोपणात दुसरी एक उलटी झडपही असते. गाडी थंड झाल्यावर ती बाहेरच्या बाटलीतले पाणी परत आत घेते. ती अडकली तर होज पाइप आत चिपकलेला दिसतो. टोपण स्वस्त असते, पण दुसऱ्या दाबाचे लावून चालत नाही.

मग रेडिएटर उतरवला. एक तोंड बंद करून, दुसऱ्यातून हवा देऊन तो पाण्याच्या हौदात बुडवला. सायकलची ट्यूब तपासतात तसेच. सांध्यातून बुडबुड्यांची माळ लागली. पूर्वी कोणी तरी तिथे चार वेळा डाग दिलेला होता. वरची टाकी उघडली तर आतल्या नळ्यांत पिवळसर चिखल. चाचांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि हसले. हळद!

आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा हा जुना इलाज आहे. रेडिएटर गळू लागला की मूठभर हळद टाकायची. हळदीचे कण फुगून छिद्रात बसतात आणि गळती थांबते. रानात अडकलेल्या माणसाला गावापर्यंत आणायला हा उपाय उपयोगी पडतो, यात खोटे नाही. पण हळदीला चांगले छिद्र आणि वाईट छिद्र यांतला फरक कळत नाही. ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तशीच बसते. गळती थांबते आणि गाडी तापू लागते. बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवणाऱ्या पुड्यांचेही थोडेफार तेच. घरी पोहोचल्यावर सगळे धुऊन काढून खरी दुरुस्ती करायची असेल, तरच हे उपाय करावेत.

हळदीखाली आणखी एक थर होता, पांढरा आणि खरखरीत. पाणी तापवण्याच्या हंड्याला आतून चढतो तोच. मराठवाड्यात बोअरचे पाणी जड असते. ते तापले की क्षार भांड्याला चिकटतात. रेडिएटरच्या नळीत तो थर बसला की पाण्याची उष्णता पितळेपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कायमचे ठेवू नये. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे निम्मे घालावे. कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्ये असतात आणि खरे काम त्यांचेच. ती काही वर्षांत संपतात, म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीत कूलंट बदलावे लागते. अनेक डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागते. अशा इंजिनात साधे पाणी वापरले तर थरथरीमुळे उठणारे सूक्ष्म बुडबुडे लायनरला हळूहळू छिद्रे पाडतात. कूलंटच्या नुसत्या रंगावर विसंबून एकात दुसरे मिसळू नये. काही प्रकार एकमेकांत मिसळले की त्यांचा गाळ होतो.

चाचांनी रेडिएटरला नवी जाळी बसवली, पंपाचे सील बदलले, होज पाइप आणि क्लिपा नव्या घातल्या. जाताना एक गोष्ट मुद्दाम दाखवली. इंजिनाची अर्थची वायर सैल होती. अशा वेळी वीज परतीची वाट पाण्यातून शोधते आणि रेडिएटरचा धातू आतून खाते. रेडिएटर ज्यावर बसतो ते रबरी बुशही फुटलेले होते. खड्ड्यांचा प्रत्येक हादरा थेट सांध्यावर बसत होता. हे दोन्ही तसेच राहिले असते तर नवा रेडिएटरही वर्ष दोन वर्षांत पुन्हा गळला असता. गळती बुजवणे निम्मे काम, ती का झाली हे शोधणे उरलेले निम्मे.

आता घरातल्या सर्वांसाठी दोन गोष्टी, कारण त्या जिवाशी संबंधित आहेत. पहिली, तापलेल्या गाडीचे टोपण कधीही उघडू नये. रस्त्यावरच्या एका ढाब्यापाशी एका टेम्पोवाल्या मुलाने ते उघडले आणि उकळते पाणी त्याच्या हातावर, छातीवर आले. लोक हळद आणि टूथपेस्ट शोधायला धावले. भाभीने आमच्या टाकीचा नळ सोडला आणि वीस मिनिटे साधे पाणी वाहू दिले, मग त्याला दवाखान्यात पाठवले. भाजल्यावर तोच पहिला इलाज. काटा चढू लागला तर एसी बंद करावा, गाडी बाजूला घ्यावी, वाफ दिसत असेल तर इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतले तर हेडला तडा जातो. दुसरी, कूलंट चवीला गोड आणि पोटात विषारी असते. आपल्या अंगणात लेकरे असतात, मांजरी असतात, बकरी ईदच्या आधी बकरेही बांधलेले असतात. जुने कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच नाही, आणि नालीत ओतू नये.

बाकीचे काम महिन्यातून अर्ध्या तासाचे आहे. थंड गाडीत पातळी बघावी. होज पाइप दाबून पाहावेत, चिरा पडलेला किंवा फार मऊ झालेला बदलावा. फॅन बेल्टचा ताण पाहावा. सोयाबीनच्या हंगामात मळणीचा भुसा आणि धूळ जाळीत अडकते, ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने पाकळ्या वाकतात. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा ती नीट तापेपर्यंत चालवावी, म्हणजे सील सुकत नाहीत. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. त्याने गाडी थंड राहते असे वाटते, पण डिझेल इंजिनाला ठरलेली ऊबही लागते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत घराघरांत वुजूचे पाणीसुद्धा मोजून वापरले जात होते. अशा मुलखात गाडीतून रोज गळणारे अर्धा लिटर पाणीही डोळ्याआड करता येत नाही.

दुरुस्तीनंतर बाराव्या दिवशी आम्ही हैदराबादला निघालो. फजरची नमाज पढून देगलूर सोडले आणि ऊन चढण्याआधी संगारेड्डी गाठले. काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. अम्मी वाटभर झोपल्या होत्या. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हातात थोडी ताकद येते आहे, व्यायाम चालू ठेवा. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. भाभीने ती वहीत लिहिली आणि तिच्याखाली गाडीच्या पाण्याची पातळी.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे आणि त्या गाडीवर कोणाचा तरी दवाखाना अवलंबून आहे, त्यांनी एक वही आजच सुरू करावी. अल्लाह सर्वांचा सफर सुखरूप करो.